काटेसाहेबांच्या गाडीची चाचणी

गाडी विकायची वेळ आली ती बाईंच्या गुडघ्यांमुळे. झोपायची खोली वर, जिन्याला अठरा पायऱ्या, आणि डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की आता खाली झोपायला या. खाली स्वयंपाकघर होतं, बैठकीची खोली होती, आणि त्या दोन्हींपेक्षा मोठी, कोरडी, भरपूर उजेडाची एक खोली होती. तिच्यात गाडी राहत होती.

गाडी अमेरिकन होती, साठ वर्षांपलीकडची, उघड्या टपाची. बटण दाबलं की कापडी टप जराही न कुरकुरता मागे दुमडला जायचा. अंग समुद्री हिरवं, कडेने सायीच्या रंगाचा पट्टा, आणि मागे माशाच्या परांसारखे दोन पंख. एवढ्या वर्षांत अंगावर एक ओरखडा नाही. तिचे मालक वजनमापं खात्यातले निवृत्त निरीक्षक. चौतीस वर्षं त्यांनी बाजारातले तराजू तपासले होते. काटा केसभर हलला की दंड. व्यापारी त्यांना तोंडावर काटेसाहेब म्हणत आणि पाठीमागे नुसतंच काटा.

तीन वर्षं बाई नवऱ्याला गाडी काढून टाकायला सांगत होत्या. शेवटी काटेसाहेबांनी जाहिरात दिली आणि आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक स्वतःच परतवून लावलं. एकाने अंगठी घातलेला हात बॉनेटवर ठेवला म्हणून. दुसऱ्याने रंगाला हिरवट म्हटलं म्हणून. तिसऱ्याने गाडी लिटरला किती देते असं विचारलं, तेव्हा काटेसाहेबांनी त्याला सांगितलं की पाहुण्याला तुम्ही किती जेवता असं विचारायची आमच्याकडे पद्धत नाही. पण त्याच दुपारी बाई जिन्याच्या नवव्या पायरीवर बसून राहिल्या, ना वर जाता येईना ना खाली, आणि काटेसाहेबांनी त्यांना उतरवताना मनाशी ठरवलं की आता जो येईल त्याला गाडी द्यायची. त्यानंतर तीन रात्री त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही.

चौथ्या दिवशी सकाळी ते बॉनेट पुसत होते. फाटक वाजलं नाही, पाऊल वाजलं नाही, पण चकचकीत क्रोममध्ये त्यांना आपल्या तोंडाशेजारी दुसरं एक तोंड दिसलं. लांबट, फिकट आणि फार सहानुभूतीचं.

"माफ करा," ते तोंड म्हणालं. "आमच्या धंद्यात आवाज न करण्याची सवय होऊन जाते."

धंदा अंत्ययात्रांचा होता. पेटी, फुलं, वाहन, काळ्या कोटातली माणसं, सगळं हे गृहस्थ पुरवत. गाव त्यांना शेवटशेठ म्हणायचं आणि ते समोरून आले की रस्त्याची बाजू बदलायचं. त्यांचं म्हणणं असं होतं की बंद गाडीतून माणूस गेला तर कुणाला धड दिसतही नाही. उघड्या गाडीतून गेला की लोकांना तो दिसतो, आणि जाणाऱ्यालाही जरा मोकळं वाटतं.

जाणाऱ्याचं तुम्हाला कसं कळलं, असं विचारायचं काटेसाहेबांच्या ओठावर आलं होतं, पण तेवढ्यात शेठनी मोजायला टेप काढली. काटेसाहेबांनी ती आधी मागून घेतली आणि उलटून तपासणीचा शिक्का पाहिला. तारीख चालू होती. त्यांना तो माणूस आवडू लागला.

"आपली उंची पाच फूट सात," मोजता मोजता, वर न बघता शेठ म्हणाले. "खांदे सतरा इंच."

"तुम्ही माझं माप कधी घेतलंत?"

"घ्यावं लागत नाही. नजर बसली आहे."

माप अचूक होतं. काटेसाहेबांच्या मानेवरून गार वारा फिरला, पण अचूकपणाबद्दल आदर वाटल्यावाचूनही राहिला नाही.

शेठनी घासाघीस केली नाही, आणि व्यवहार ठरल्याचं काटेसाहेबांनी जिन्याखालून बाईंना ओरडून सांगितलं. अट एकच, चाचणी. पायी चालणाऱ्या माणसांच्या चालीने गाडी नेली तर इंजिन तापतं का, फळी हलते का, फुलं उडतात का, हे त्यांना बघायचं होतं. पुढच्या सीटच्या पाठीपासून डिकीच्या झाकणापर्यंत त्यांनी फळी टाकली, पट्ट्यांनी आवळली आणि वर गादी घातली. फळीवर वाळूची पोती ठेवू असं त्यांनी सुचवलं, पण पोत्यांचं वजन कुणी प्रमाणित केलं आहे असा काटेसाहेबांचा सवाल होता. शिवाय फळी सुटून गाडीला खरचटलं तर ते पोतं सांगणार थोडंच. खात्रीचं वजन म्हणाल तर त्यांचं स्वतःचं होतं, एकसष्ट किलो. तेव्हा तेच चढले आणि आडवे झाले. वारा बोचत होता म्हणून शेठनी त्यांच्या गळ्यापर्यंत पांढरी चादर ओढली. फुलं तर चाचणीचाच भाग होती. डोळ्यांवर ऊन आलं म्हणून काटेसाहेबांनी डोळे मिटले. काळा कोट घालून शेठ स्टिअरिंगशी बसले आणि गाडी निघाली. ती इतकी अलगद चालत होती, आणि तीन रात्रींची झोप इतकी साठली होती, की पहिल्या वळणापूर्वीच काटेसाहेबांना गाढ झोप लागली.

शेठचं आवार गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं आणि रस्ता बाजारातून जात होता.

काटेसाहेब जागे झाले ते शांततेमुळे. वर निळं आभाळ, त्याच्या दोन्ही कडांनी ओळखीच्या गच्च्या सरकत होत्या. म्हणजे हा बाजार. सकाळचे अकरा वाजलेले, एरवी इथे कान किटतात, आणि आता टायरखाली चिरडणारी खडीही ऐकू येत होती. त्यांनी मान न हलवता डोळे किलकिले केले. दुकानांपुढे माणसं रांगेने उभी होती. टोप्या हातात, नजरा खाली. पाववाला उभा होता. कापडवाला उभा होता, ज्याला त्यांनी चार वेळा दंड केला होता, आणि त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं.

त्याच क्षणी कापडवाल्याने वर पाहिलं. दोघांची नजरानजर झाली. जुनी ओळख म्हणून काटेसाहेबांनी किंचित मान हलवली. कापडवाला सावकाश मागे सरकला आणि दुकानाच्या अंधारात दिसेनासा झाला.

काय घोटाळा झाला आहे हे काटेसाहेबांच्या लक्षात आलं. उठून बसावं असंही मनात आलं. पण एवढी माणसं कामधंदा सोडून आपल्यासाठी उभी, त्यांच्यासमोर मधेच उठून बसणं त्यांना बरं वाटेना. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि आवार येईपर्यंत श्वासही बेताने घेतला.

शेठ खूश होते. फळी हलली नव्हती, एक फूल पडलं नव्हतं. इंजिन निवेपर्यंत गाडी इथेच राहू दे, संध्याकाळी कागद घेऊन घरी येतो, असं ते म्हणाले. भिंतीशी नव्या पेट्या उभ्या होत्या. त्यातल्या एकीकडे काटेसाहेब जरा जास्तच वेळ बघत राहिले.

"पाच सात," शेठ हळूच म्हणाले. "हे माप मी तयारच ठेवतो. जास्त लागतं."

काटेसाहेब पायी घरी निघाले. बाजार त्यांच्या शोकात बंद झाला होता. धान्यवाल्याच्या दाराच्या फटीत एक डोळा दिसला आणि फट मिटली. औषधवाल्याला त्यांनी हाक मारली, तर तो त्यांच्या आरपार बघत उभा राहिला आणि मग बसला तो उठलाच नाही. कोपऱ्यावरच्या म्हातारीने मात्र त्यांना थांबवलं. तिला फारसं दिसत नव्हतं.

"काटेसाहेब गेले, कळलं का तुला?"

"कधी?" काटेसाहेबांनी विचारलं.

"आत्ताच. इथूनच गेले. फुलांचा वास आला ना मला. सुटले बिचारे."

"वाईट झालं," असं म्हणून ते पुढे निघाले, आणि दहा पावलांवर त्यांच्या लक्षात आलं की हे आपण मनापासून म्हणालो.

घरापुढे चपला-बुटांच्या रांगा होत्या. ते बाजूच्या दाराने गाडीच्या खोलीत शिरले. खोली रिकामी. फरशीवर, गाडी उभी असायची तिथे, धूळ नसलेला लांबट चौकोन. आपली जागा कुणीतरी काढून नेली आहे असं त्यांना वाटलं. पलीकडे बैठकीच्या खोलीत लोक बोलत होते. माणूस सरळ होता. कधी कुणाचा फुकट चहा घेतला नाही. शेवटी चेहरा काय शांत होता म्हणता! एकही माणूस खोटं बोलत नव्हता, आणि म्हणूनच काटेसाहेबांना स्वतःचीच शंका येऊ लागली. बाजार सांगतो, म्हातारी सांगते, आता घरही तेच सांगतं आहे. त्यांनी मनगटावर बोटं ठेवून घड्याळ पाहिलं. ठोके बहात्तर. पण ज्याचा माल तपासायचा त्यानेच स्वतः दिलेला दाखला त्यांनी चौतीस वर्षांत कधी ग्राह्य धरला नव्हता.

तेवढ्यात मेव्हण्याचा आवाज आला. तो बाईंना समजावत होता की गाडीचं सगळं ठरलेलंच आहे, शेठ सभ्य माणूस आहे, व्यवहार मोडू नये. आठ दिवसांत खोली तयार होईल, तुला जिना चढायला नको.

"गाडी परत आण," बाई म्हणाल्या. "विकायची नाही."

"ताई, तूच तर तीन वर्षं मागे लागली होतीस. आणि गुडघे?"

"गुडघ्यांचं मी बघेन. रविवारी सकाळी मी वर पडलेली असायचे आणि हे खाली टायर ठोकत बसायचे. एक, दोन, तीन, चार. चौथा वाजला की मी उठायचे. ती खोली रिकामी ठेवून मला नाही झोप लागायची. गाडी राहू दे तिथे."

काटेसाहेबांना खोकला आला.

पलीकडे सगळं थांबलं. कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं की गाडीच्या खोलीत कुणीतरी आहे.

"त्यांचाच खोकला आहे," बाई म्हणाल्या. अगदी साध्या आवाजात.

दार उघडून काटेसाहेब आत आले. केसांत फुलांच्या पाकळ्या होत्या. माणसं कशी आणि कुठून बाहेर पडली ते त्यांना नीट कळलं नाही, पण बरीचशी अनवाणीच गेली. उरले दोघे. बाई, आणि खुर्चीच्या पाठीला घट्ट धरून उभा असलेला मेव्हणा.

बाई भिंतीचा आधार घेत जवळ आल्या. त्यांनी नवऱ्याच्या गालाला हात लावला, मग मनगट धरलं आणि बोटं ठेवून थांबल्या.

"चालू आहे," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांना रडू आलं.

काटेसाहेबांना एकदम हलकं वाटलं. कुणीतरी तिऱ्हाइताने तपासून सांगितलं होतं. त्यांनी बाईंना खुर्चीत बसवलं, चाचणी, चादर आणि लागलेली झोप सगळं जमेल तसं सांगितलं, आणि म्हणाले, "मी ऐकलं सगळं. नाही विकत गाडी. आत्ता जाऊन घेऊन येतो."

बाईंनी पदराने डोळे पुसले आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"का बरं?"

"अगं, तूच म्हणालीस ना आत्ता."

"ते तुम्ही गेला होतात म्हणून. आता तुम्ही आहात ना घरात? मग गाडी कशाला हवी?"

काटेसाहेबांनी काही दिवस तरी थांबू असं म्हणून पाहिलं. परत आडवं व्हायचं आहे का, एवढंच बाईंनी विचारलं. मग त्या भावाकडे वळल्या. आवाज अजून भरलेलाच होता.

"गवंड्याला निरोप दे," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळीच ये म्हणावं."