उचकीचं गाणं पहिलं आलं तेव्हा

एका जंगलात, आणि तेही विलायतेतल्या बरं का मुलांनो, नाताळ जवळ आला की प्राण्यांना खाण्यापेक्षा गाण्याचीच जास्त काळजी लागे. दरवर्षी स्पर्धा व्हायची. जे गाणं पहिलं येई, ते नाताळच्या सकाळी ओकच्या झाडाखाली सगळं जंगल मिळून म्हणे. दुसऱ्या नंबरचं गाणं कुणीच म्हणत नसे.

त्या जंगलात सारजा नावाची एक कस्तूर पक्षीण राहायची. तिचा नवरा भिवा मागच्या हिमवादळात गेला. फार बुजरा होता बिचारा. चार झाडांपलीकडे त्याचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं. एका सकाळी तरी सगळ्या जंगलानं ते नाव घ्यावं, एवढंच सारजाला वाटे. म्हणून अकरा महिने खपून तिनं भिवावर गाणं रचलं.

ती गायली. हरणं रडली. परीक्षक घुबडकाका चष्मा पुसत म्हणाले, "पोरी, शंभर वर्षांत असं गाणं झालं नाही!"

मग डुक्करराव आले. त्यांनी डोक्यावर बादली घातली, तिच्यावर काठी बडवली आणि "ढुम ढुम नाताळ" असं नऊदा ओरडून ते मंचावरून खाली पडले.

डुक्करराव पहिले आले.

"अगं, तू तर रडलीस ना?" सारजानं हरणीला विचारलं.

"रडले की. पण सणासुदीला लेकरांपुढं रडगाणं कोण म्हणणार, बाई?"

पुढच्या वर्षी सारजा तेच गाणं घेऊन पुन्हा उभी राहिली. चोच उघडली आणि थंडीनं उचकी लागली. "हिक्!"

"कोण गं आठवण काढतंय?" खालून खारुताई ओरडली.

"भिवा!" सारजाच्या तोंडून निघून गेलं.

"हिक्!"

"कोण?" आता सगळेच ओरडले.

"भिवा!"

जंगल हसून लोळायला लागलं. चौथ्या भिवानंतर उचकी खरं तर थांबली होती. पुढच्या सतरा सारजानं खोट्या काढल्या.

नाताळच्या सकाळी कोल्ह्यापासून उंदरापर्यंत सगळे ओरडत होते, "हिक्! कोण? भिवा!" सारजा उंच फांदीवर बसून ऐकत होती. ती हसत होती की रडत होती, ते बघायला कुणी मान वर केलीच नाही.

काही वर्षांनी घुबडकाकांनी पहिल्या आलेल्या गाण्यांची यादी केली. सर्वांत चांगलं गाणं ठरलं 'ढुम ढुम नाताळ'. "तो साधेपणा आता कुठं राहिलाय!" असं काकांनी खाली लिहिलं. सर्वांत वाईट ठरलं उचकीचं. सारजाचं जुनं गाणं यादीत नव्हतंच. ते पहिलं कुठं आलं होतं?

"वाईट वाटून घेऊ नकोस हो," काका सारजाला म्हणाले. "ही यादी आता दर नाताळाला वाचायची आहे."

"छे हो, काका," सारजा म्हणाली. "फक्त वाचताना जरा गाऊन दाखवत जा."

तात्पर्य : मुलांनो, आपलं दुःख चारचौघांच्या तोंडी बसायला हवं असेल, तर ते होता होईल तेवढं वाईट गावं. चांगलं गाणं घरी एकट्यानं म्हणावं. तिथं दुसरा स्पर्धक नसतो.