मढवी काका चार्ज देतात

प्रॅक्टिकल संपलं की आमच्या केमिस्ट्रीच्या लॅबमधून पोरं अशी पळतात की जणू आत साप निघालाय. मढवी काका तेवढे टेबलाशी उभे राहतात. पुढच्या बॅचचा कोणी त्या टेबलावर आला की त्याला थांबवून गंभीर आवाजात सांगतात, "नळ बंद. बर्नर बंद. स्टँडचा स्क्रू ढिला हाय. एक टेस्ट ट्यूब फुटली, ती मीच फोडली. बाकी सगळं नॉर्मल. घेतलास चार्ज?" समोरचा "घेतला" म्हणेपर्यंत काका जागचे हलत नाहीत.

काका आमचे सर नव्हेत आणि शिपाईही नव्हेत. ते माझे लॅब पार्टनर. एफवाय बीएस्सीला माझ्या शेजारी बसतात आणि वयाने माझ्या बाबांहून मोठे आहेत. नागोठण्याकडच्या एका कंपनीत शिफ्ट करकरून आणि दर शिफ्टअखेर पुढच्या माणसाला, म्हणजे रिलीव्हरला, चार्ज देऊन देऊन रिटायर झाले आणि रोह्याला आमच्या कॉलेजात नाव घातलं. कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, "जन्मभर पाइपावर हात ठेवून उभा राहिलो गो. आत काय चाललंय ते कुणी दाखवलंच नाय." ऐकून मला अगदी भरून आलं होतं. ते भरून येणं आठवडाभर टिकलं.

कारण काकांना ऑरगॅनिक केमिस्ट्री अजिबात जमत नाही. त्यांच्या डोक्यात शिरलं की प्रत्येक रेणूचा कारखाना होतो. ठाकूर मॅडमनी फळ्यावर इथिलीन काढलं, दोन कार्बनच्या मध्ये दोन रेघा ओढल्या, तर काकांचा हात वर. "मॅडम, डबल लाइन हाय, म्हणजे एक स्टँडबाय असणार. मग व्हॉल्व्ह कुठं?" रेणूला व्हॉल्व्ह नसतो असं मॅडमनी शांतपणे सांगितलं. काका खाली बसले आणि हळूच मला म्हणाले, "मग रिपेरिंगला बंद कसं करतात?"

एस्टरच्या दिवशी तर कहर झाला. अल्कोहोल आणि ॲसिड एकत्र तापवलं की पिकल्या फळासारखा गोड वास सुटतो, तो ओळखायचा, इतकंच ते प्रॅक्टिकल. वास सुटला. काकांनी नाक वर केलं, खिशातला रुमाल काढून खिडकीला बांधला, वारा कुठून येतोय ते पाहिलं आणि हुकूम सोडला, "गॅस लीक. सगळे बाहेर. वाऱ्याला आडवं चाला." आवाजात असा काही दरारा होता की अख्खी बॅच निमूट सायकल स्टँडपाशी जाऊन रांगेत उभी राहिली. काकांनी डोकी मोजली, तर एक कमी भरलं. ते मॅडमचं होतं. मॅडम आत फळ्याकडे तोंड करून रिकाम्या बाकांना विचारत होत्या, "येतोय ना सगळ्यांना वास?"

हे सगळं एक वेळ चाललं असतं. काकांना खरं गाडलं ते स्फटिकांनी. मळकट पावडर गरम पाण्यात विरघळवायची, गाळायची आणि फ्लास्क गार व्हायला ठेवून द्यायचा. ढवळायचं नाही, हलवायचं नाही. मग आपोआप सुंदर स्फटिक उतरतात. यातलं "ठेवून द्यायचं" काकांना मरेस्तोवर जमेना. कंपनीत हाताची घडी घालून बसलेला ऑपरेटर म्हणजे झोपलेला ऑपरेटर. त्यामुळे काका फ्लास्कला टिचक्या मारत, उचलून उजेडात धरत, थर्मामीटर बुडवून आकडा मोठ्याने वाचत. शेवटी फ्लास्कात पीठ उतरायचं. मॅडम म्हणायच्या, "काका, याची भाकरी होईल, मार्क मिळणार नाहीत."

मी त्यांना आमच्या घरचं सांगून पाहिलं. आम्ही हमरापूरचे, गणपती बनवणारे. बाबांनी मूर्तीच्या डोळ्यांची आखणी केली की रंग वाळेपर्यंत तिच्याजवळ कोणी फिरकत नाही. मला तर शिंकायचीही बंदी असते. काकांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग लक्ष कोण ठेवतं?"

पहिल्या परीक्षेत पीठ उतरलं आणि काका प्रॅक्टिकलला नापास झाले. दुसऱ्या खेपेलाही तेच झालं असतं तर वर्ष गेलं असतं. "या वयाला एक वर्ष म्हणजे लय होतं गो," असं एकदा स्टेशनवर म्हणाले आणि लगेच वडापावची चौकशी करायला लागले.

दुसऱ्या परीक्षेला मी शेजारच्याच टेबलावर होते. त्यांना बेंझोइक ॲसिड आलं. विरघळवणं, गाळणं सगळं झकास झालं. फ्लास्क खाली ठेवला आणि त्यांचा हात टिचकी मारायला निघाला. त्यांनी तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला. मला ते बघवेना. परीक्षेत बोलायचं नसतं हे मला ठाऊक होतं, तरी मी पुटपुटले, "काका, चार्ज द्या."

काका ताठ झाले. "बेंझोइक ॲसिड. गाळून झालंय. गरम हाय. हात लावायचा नाय."

"घेतला."

ते तडक खिडकीपाशी गेले आणि पाठ करून उभे राहिले. मॅडमनी आमच्याकडे पाहिलं आणि मग छताच्या पंख्याकडे पाहायला लागल्या. मी काही केलं नाही, नुसती फ्लास्ककडे बघत बसले. हळूहळू आत सुया उतरू लागल्या, पांढऱ्या, लांब, चमचमत्या. मी खूण केल्यावर काका आले. दोन्ही हातांनी फ्लास्क उचलून कितीतरी वेळ बघत राहिले. "असं असतं व्हय आत," म्हणाले.

परीक्षा संपली, पोरं पांगली. मी विसरलेला ॲप्रन घ्यायला परत आले तर काका टेबलाशीच उभे.

"काका, आता पुढे बॅच नाही. चला."

"रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाय."

मी हसत त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "द्या मग."

"नळ बंद. बर्नर बंद," काका म्हणाले. आणि पुढे बोलतच गेले. "घरातला गॅस बंद करून आलोय. तुळशीला पाणी घातलं. दूध नासलं, ते ओतून दिलं. पोराचा फोन नाय आला, कामात असंल. सकाळचा भात हाय, तोच रात्री." नजर टेबलावर ठेवूनच म्हणाले, "तुझी काकी घ्यायची चार्ज. कुठलीही शिफ्ट असू दे, दारात चपला काढल्या की विचारायची. ती गेल्यापासून घरी रिलीव्हर नाय."

माझं हसू कधीच गेलं होतं. मला रडायला येत होतं आणि ते काकांना दिसू नये असं वाटत होतं. "बाकी सगळं नॉर्मल?" मी विचारलं.

"सगळं नॉर्मल."

"घेतला चार्ज."

काकांनी ॲप्रनची घडी घातली आणि माझ्या आधी दाराबाहेर पडले.

आता रोज संध्याकाळी त्यांचा फोन येतो. माझे हात रंगाचे असतात म्हणून मी तो स्पीकरवर टाकते, त्यामुळे मढवींकडे आज कुठली भाजी होती हे आमच्या सगळ्या कारखान्याला ठाऊक असतं. काल मी बाहेर होते. परत आले तर बाबा मूर्तीसमोर बसलेले, आखणीचा ब्रश हातात तसाच धरलेला, आणि फोनवर म्हणत होते, "दूध तापवून ठेवलंत ना? मग झालं. पोरगी नाय घरात, मी घेतो चार्ज. जेवा आता, मढवी."