ओळखीचा धातू

वर जाणं सोपं असतं. खरी कसोटी खाली येताना लागते. अंतराळयान वातावरणात परततं तेव्हा लालभडक तापतं आणि धातू चुकीचा असेल तर वितळतं. इतकं नाजूक काम एकट्या जाणकारावर सोपवणं धोक्याचं, म्हणून भिवंडीच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाने धातू निवडायला सहा जणांची समिती नेमली. (जाणकार त्यात एकच होता. त्याचाही फारसा त्रास झाला नाही.)

हा जाणकार म्हणजे धातुशास्त्र शिकवणारे माधव सर. मुलांनी आखलेलं, आतून उष्णतारोधक अस्तराचं छोटं यान थोडा वेळ भट्टीत नऊशे अंशांवर तापवायचं होतं, आणि आत अंतराळवीर म्हणून बसणार होती सरांच्या ओवीची चिंध्यांची बाहुली. ओवी रोज विचारी, "बाबा, ती परत येईल ना?"

"येणार म्हणजे येणारच," सर सांगत. निकेलचा मिश्रधातू वापरला असता तर ते खरंही ठरलं असतं.

धातूंची चाचणी निसर्गाच्या सान्निध्यात व्हावी, म्हणून समिती अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडावर गेली. (वज्रेश्वरीचं दर्शन आणि जेवण हे चाचणीचेच भाग होते.) धातू कुंडात बुडवले, सोबत सदस्यही बसले. वितळलेले धातू: शून्य. वितळलेले सदस्य: शून्य. सगळेच पात्र ठरल्यावर प्रश्न उरला ओळखीचा. टंगस्टन उचलताना एका सदस्याची पाठ धरली. निओबियमचं घराणं कुणालाच ठाऊक नव्हतं. निकेलच्या मिश्रधातूचं नाव ठरावाच्या ओळीत मावेना. ॲल्युमिनियमचं मात्र घरोघरी पातेलं.

"काय माधव सर, हरकत नाही ना?" प्राचार्य म्हणाले. "तुमच्या विभागप्रमुखपदाचंही आजच उरकून टाकू."

ॲल्युमिनियम सहाशे साठ अंशांवर वितळतं, हे सरांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सर त्याहून बरेच आधी वितळले. त्यांनी हात वर केला आणि ठराव एकमताने मंजूर झाला.

भट्टी उघडली तेव्हा तळाशी चकचकीत थारोळं होतं. अहवालात नोंद झाली : 'प्रवासी वगळता मोहीम यशस्वी.' नव्या विभागप्रमुखांनी त्यावर सही केली आणि ते घरी गेले. ओवी दारातच उभी होती. तिने त्यांच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि ती आत निघून गेली. सरांना फार वाईट वाटलं.

हसा, खुशाल हसा. फक्त तुमच्या सोसायटीची मागची सभा आठवून पाहा. "हरकत नाही ना?" असं कुणी विचारलं, तेव्हा तुमचाही हात वर गेला होता. तो खाली आणताना जराही धग लागली नसेल, तर कळवा. समिती उष्णता सोसणाऱ्या धातूच्या शोधात अजून आहे.