दुर्गाडीच्या पायथ्याशी उडालेला बार

सांगतो ते तुम्हांला खोटं वाटेल. वाटू दे! पण बावन्न सालच्या नवरात्रात, कल्याणला दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी, आमच्या सोड्याच्या बाटल्यांनी असा बार उडवला, की शहाडच्या म्हशी दोन दिवस दुधाऐवजी नुसता फेस देत होत्या!

हेच मी काल ओट्यावर शेजारच्या श्रीपादला सांगत होतो. हा पठ्ठ्या कचेरीतली कारकुनी सोडून माझा जुना भागीदार दौलत याच्याबरोबर सोड्याचा कारखाना काढायला निघालेला! सल्ला विचारायला आला आणि माझं टाळकंच सणकलं.

"दौलत? अरे, त्याला धंदा नकोच, आवाज हवा! बाटलीच्या तोंडातली गोळी दाबली की नुसतं फट् नाही, धडाड् व्हायला हवं म्हणे! गॅसचं नळकांडं आठवड्यात फस्त! मी घसा फोडून सांगतोय, बाबा रे, धंद्यात हौस मिठासारखी, चिमटीनं घाल! ऐकेल तर शपथ!"

"मग काय झालं हो, काका?"

"मग काय, कपाळ! अष्टमीची संध्याकाळ, देवीला ही गर्दी! दौलतनं गॅस भरायच्या यंत्राचं चाक आणखी दोन वेढे फिरवलं. एक बाटली फुटली, तिच्या धक्क्यानं दुसरी, मग अख्खी सात खोकी! लोकांना वाटलं, देवीला सलामी. टाळ्या पिटतायत गाढवं! एक मास्तर फळीखाली शिरले ते थेट दसऱ्याला बाहेर आले! आणि हिच्या पाटल्या गहाण टाकून घातलेलं माझं भांडवल? गटारात!"

श्रीपादचा चेहरा एवढासा झाला. "उद्या राजीनामा देणार होतो हो. दौलतरावांना नाहीच म्हणून कळवतो."

"आत्ता कळव! शिस्त नसलेल्या माणसाच्या सावलीलासुद्धा उभा राहू नकोस!"

तेवढ्यात आमची मंदाकिनी पदराला हात पुसत बाहेर आली.

"श्रीपाद, बस खाली. दौलतभावजी गॅस मोजूनमापून भरायचे. त्या अष्टमीला तर ते हिवतापानं ठाण्याला, बहिणीकडे अंथरुणात होते."

"अगं, तुला काय माहीत? तू कुठं होतीस?"

"देवीची ओटी भरून येताना तुमच्या दुकानाच्या दारात! चाकाला हात घालून 'बघ मंदे, आता कसा बार उडवतो' असं मला कोण म्हणालं हो?"