खोकल्याएवढी फट

सासऱ्यांच्या छातीला गारवा सोसत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि मुलाने खोलीचं कामच काढलं. इंजिनिअर मेणबत्ती पेटवून भिंतीभिंतीने फिरला. ज्योत हलेल तिथे त्याने खडूने फुली मारली. इतकी वर्षं तुम्ही खोलीत हीटर लावून गल्ली तापवत होतात, असं म्हणाला.

महिन्याभरात भिंतींना आतून जाड अस्तर आलं, खिडकीला दुहेरी काच, दाराला चारी बाजूंनी रबर. विजेचा वापर निम्म्यावर येईल, असा शब्द मिळाला. दार लागताना फ्रीजसारखा आवाज व्हायचा.

"चला, बाहेर काढाल तेव्हा ताजा असेन," सासरे म्हणाले.

पहिल्याच दुपारी सून भांडी घासता घासता थबकली. खोकला ऐकू येत नव्हता. गेली सहा वर्षं ती त्या खोकल्याच्या तालावर घर चालवत होती. कोरडा आला की पाणी, ओला आला की औषध, आणि नुसते दोन ठसके म्हणजे कुणी आहे का घरात. आता काहीच नाही. ओल्या हातांनी धावत जाऊन तिने दार उघडलं. सासरे शब्दकोडं सोडवत बसले होते.

"आहे अजून. दार लाव, ऊब जातेय."

मग ती दर दहा मिनिटांनी दार उघडू लागली. मुलगा आधी तिला हसला, मग चष्मा शोधायच्या निमित्ताने स्वतःच डोकावू लागला. महिनाअखेर मीटर पाहिला, तर वापर पूर्वीपेक्षा जास्त. इंजिनिअर येऊन तासभर बसला. तेवढ्यात दार नऊदा उघडलं. सारखं कशाला उघडता, असं त्याने विचारल्यावर दोघंही जमिनीकडे बघू लागली.

"मी गेलो का ते बघतात," सासऱ्यांनीच सांगून टाकलं.

इंजिनिअरने उशाशी बेल बसवायचं सुचवलं.

"गेल्यावर ती वाजवायची कुणी?"

सुनेने स्क्रूड्रायव्हर आणला आणि दारच बिजागऱ्यांवरून उतरवलं. सगळी ऊब बाहेर जाईल, असं इंजिनिअर कळवळून म्हणाला.

"जाऊन जाऊन जाणार कुठे? स्वयंपाकघरातच ना."

थंडी सरायच्या आत एका सकाळी खोकला आला नाही. या वेळी उघडायला दार नव्हतं.

पुढच्या महिन्यात विजेचा वापर बरोबर निम्म्यावर आला. इंजिनिअरचा फोन आला, आकडा जुळला ना म्हणून. मुलगा हो म्हणाला. सून उठली, आत गेली आणि तिने रिकाम्या खोलीतला हीटर लावला.