पंच्याहत्तर डेसिबलचा जावई

आपला आवाज घरात कुणाला ऐकू जात नाही, याची विरूपाक्षला सवय होती. पण आपल्या होम थिएटरचाही जात नाही, हे सासऱ्यांनी दिवाळीत चारचौघांत सांगितलं. "जावईबापू, पडद्यावरची माणसं नुसती तोंडं हलवत्यात. अगदी तुमच्यागत!" सगळे हसले. बायको शांभवीही हसली (जरा जास्तच).

आता कागलहून मामा, म्हणजे सासरे, रविवारी पुन्हा जेवायला येणार होते. या खेपेला मामांनी पाठ थोपटलीच पाहिजे, असं विरूपाक्षनं मनाशी ठरवलं. तो साखर कारखान्याच्या कामगार सुरक्षा विभागात क्लार्क. साहेबांच्या हातापाया पडून त्यानं आवाज मोजायचं मीटर एका दिवसापुरतं बावड्यातल्या घरी आणलं. बेत सोपा होता. सोफ्याच्या मधल्या जागेवर मामांच्या कानाच्या उंचीला मीटर ठेवायचं आणि पाचही स्पीकर एकेक करून पंच्याहत्तर डेसिबलवर आणायचे.

रविवारी सकाळी त्यानं पिठाच्या डब्यावर मीटर मांडलं. "नुसता पंखा एक्कावन्न!" त्यानं कौतुकानं शांभवीला दाखवलं. मग पहिल्या स्पीकरमधून चाचणीचा फस्स असा आवाज सोडला.

"गॅस सुटलाय! पळा!" त्याची अव्वा, म्हणजे आई गंगव्वा, ओरडली आणि सिलिंडर बंद करून शेजारच्या दोन घरांनाही रस्त्यावर काढून आली.

"अव्वा, गॅस न्हाय, स्पीकर हाय," विरूपाक्ष म्हणाला. कुणी ऐकलं नाही.

दुसऱ्या स्पीकरला मीटर एकदम ब्याण्णववर गेलं. तो आवाज कमी करत गेला, तरी आकडा उतरेना. मग लक्षात आलं, स्पीकर केव्हाच बंद झालाय आणि अव्वा फोनवर बहिणीला गॅसची हकीकत सांगतेय.

"अव्वा, जरा हळू की."

"हळूच तर चाललंय की!" मीटर पंच्याण्णव.

तिसऱ्या स्पीकरला मिक्सर आडवा आला, चौथ्याला कुकर. दर वेळी तो "जरा शांत बसा की" म्हणायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचा. बारा वाजता त्याला खरोखरच रडू आलं. ते पाहून शांभवीला दया आली आणि ती सासूला दही आणायच्या निमित्तानं बाहेर घेऊन गेली. अर्ध्या तासात पाचही स्पीकर पंच्याहत्तर! विरूपाक्ष मधल्या जागेवर डोळे मिटून बसला. इतकं सुख त्याला लग्नातही झालं नव्हतं (तिथं कानाशी बेंजो पार्टी वाजत होती).

एक वाजता मामा आले. विरूपाक्षनं त्यांना हाताला धरून मधल्या जागेवर बसवलं आणि रिमोट उचलला. गंगव्वानं तो हिसकावून घेतला.

"पावणं आल्यावर टीव्ही लावत्यात व्हय? चार शब्द बोल की त्यांच्यासंगं!"

"बरोबर हाय, विहीणबाई," मामा म्हणाले. गंगव्वानं प्लगच काढून टाकला.

विरूपाक्ष मटकन खाली बसला. आता काही उरलं नाही, असं त्याला वाटलं. तेवढ्यात मामांची नजर मीटरवर गेली. ते कशाचं, हे कळल्यावर त्यांना चेव आला. त्यांनी मीटरला तोंड लावून "काय पावणं!" अशी हाक ठोकली. अठ्ठ्याण्णव! गंगव्वाच्या "ए विरू!"ला एकशे दोन. शांभवी न ओरडता नुसतं "अहो" म्हणाली, तरी ब्याऐंशी.

"आता जावईबापू!" मामा म्हणाले. "दावा तुमचा दम!"

विरूपाक्षनं मीटर पुढ्यात घेतलं. सकाळपासूनचं नव्हे, लग्नापासूनचं सगळं त्याला आज बोलून टाकायचं होतं. त्यानं छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाला, "या घरात कुणीतरी एकदा तरी माझं ऐका की!"

सगळे आकड्यावर वाकले. मामांनी चष्मा लावून वाचलं, "एक्कावन्न."

"त्यो पंखा हाय, अप्पा," शांभवी म्हणाली. "अहो, बोला की आता. सगळी कवाधरनं थांबल्यात."