माळावरची बरोबरी

सुभेदार नाना नव्या माणसाची आधी पोटरी दाबून बघतात आणि मग नाव विचारतात. आमच्या गावात बदलून आलेले बँकेचे मॅनेजर त्यांच्या अंगणात चहाला बसले होते. नाना खाली वाकले, पोटरी चाचपली, खांदा हलवून बघितला आणि म्हणाले, "साडेपाच." मॅनेजरांनी घड्याळ बघितलं, चहा अर्धा ठेवला आणि निघाले.

साडेपाच ही त्यांची सूट होती. इस्लामपूरजवळच्या आमच्या गावाबाहेर एक माळ आहे, तिथे नाना दर रविवारी गोल्फ खेळवतात. गोल्फमध्ये कच्च्या खेळाडूला हँडिकॅप म्हणजे काही फटक्यांची सूट मिळते. शेवटी एकूण फटक्यांतून तेवढे वजा करायचे. नाना फौजेत असताना छावणीतलं गोल्फचं मैदान सांभाळायचे. "तितं साहेबाची सूट साहेबच ठरवायचा," ते सांगतात, "आन मग साहेबच जिंकायचा. लय वंगाळ वाटायचं बघ." पेन्शनीत आल्यावर त्यांनी स्वतःचा माळ घेतला आणि पाच खड्डे खणले. तीन बाजूंना ऊस आहे. उसात गेलेला चेंडू तोड झाल्यावरच मिळतो. तोपर्यंत तो कोणाचा होता हे सगळे विसरलेले असतात, त्यामुळे भांडणंही होत नाहीत.

भांडणं होतात ती सूट ठरवण्यावरून. खेळाचा प्रकार स्क्रँबल. तिघातिघांचे दोन संघ. तिघांनीही मारायचं, ज्याचा चेंडू चांगल्या जागी पडला तिथून पुन्हा तिघांनी मारायचं. म्हणजे कच्चा खेळाडू पक्क्याच्या आडोशाला राहतो. मग संघाला एकूण सूट किती द्यायची? तिघांची बेरीज केली तर फार होते. कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजातले सर एका संघाचे कप्तान आहेत. त्यांनी एकदा इंटरनेटवरून टक्केवारीचं सूत्र छापून आणलं. नानांनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला.

"ह्यात उसाची तोड कुटं धरलीया?" त्यांनी विचारलं.

सरांनी कागदाची घडी घातली. ज्याच्या उसाला अजून तोड आली नाही त्याचं मन खेळात नसतं, म्हणून नाना त्याला पाव फटका जास्त देतात. घरी सासू राहायला आली असेल तर अर्धा. सासू सुगरण असेल तर तो अर्धा काढून घेतात. नवा चष्मा लागला की पाव कमी. खताचे दुकानदार संपतराव एका रविवारी लंगडत आले, तर नाना म्हणाले, "संपत, काल पोती उचलताना तर सरळ चालत हुतास की रं." संपतरावांचं लंगडणं तिथल्या तिथे थांबलं.

हे शास्त्र नानांना वडिलांकडून मिळालंय. ते जत्रेतल्या मैदानात कुस्तीच्या जोड्या लावायचे. दोन पैलवान शेजारी उभे करायचे, मांडी-पोटरी बघायची आणि अशी जोड ठरवायची की लोकांना कोण पडणार हे सांगता येऊ नये. नाना गोल्फची जोड तशीच लावतात. हिशोबाअंती पाव-अर्ध्याचा फरक राहिला तर ती बरोबरी. आणि नानांचं गणित इतकं पक्कं की कायम बरोबरीच व्हायची. बरोबरी झाली की नाना दोन्ही कप्तानांचे हात धरून वर करायचे, आणि सगळ्यांना पोहे.

संपतरावांचा मात्र धीर सुटत चालला होता. "नाना, घरी गेलो की बायको विचारती, कोण जिंकलं? दिवाळीपास्नं तिला एकच उत्तर देतोय. तिला वाटतंय मी दुसरीकडंच जातोय कुटंतरी." आणि एका रविवारी त्यांनी जाहीर केलं, पुढच्या वेळी निकाल लागला नाही तर आपण येणार नाही. संपतराव गेले तर त्यांचा संघ मोडणार होता. नानांनी पोह्यांवर लिंबू पिळलं ते पिळतच राहिले.

त्यातच त्या संघातले निवृत्त तलाठी मुलाकडे पुण्याला गेले आणि एक जागा रिकामी झाली. मी नानांच्या शेजारी राहते. घरून पुण्याच्या कंपनीचं काम करते आणि शक्यतो कोणाशी बोलत नाही. आईनं परस्पर माझं नाव देऊन टाकलं.

माझी पोटरी नानांनी दाबली नाही. त्यांनी मला भरलेली कळशी हात लांब करून धरायला लावली, मग माळाला एक फेरी मारायला सांगितलं, मग चहात साखर किती घेतेस ते विचारलं.

"पावणेसात," ते म्हणाले. "आन गप्प ऱ्हातीस त्याचा एक. पावणेआठ."

मी इंग्लिश मीडियमची. पावणेआठ म्हणजे सात पॉइंट सात पाच हे कळायला मला थोडा वेळ लागला. नानांनी तोही हिशोबात धरला असावा, कारण ते माझ्या बोटांकडे बघत होते.

"गप्प राहण्याला सूट?" सर म्हणाले.

"आवं सर, जी बोलत न्हाई ती भितीय. भ्यालेल्या माणसाचा हात आखडतोय."

माझ्या संघात संपतराव आणि मिरजेच्या हाडांच्या डॉक्टरीणबाई. सरांसोबत त्यांचे दोन सहकारी, तिघंही सरांच्याच गाडीतून येणारे. माझे पहिले तीन चेंडू उसात गेले. "खत घाला, उगवतील," डॉक्टरीणबाई संपतरावांना म्हणाल्या. स्क्रँबल असल्यामुळे माझं काही बिघडत नव्हतं, चेंडू त्या दोघांचेच धरले जात होते. मला चक्क मजा यायला लागली.

शेवटच्या खड्ड्यापाशी चेंडू चार हातांवर होता. संपतरावांचा फटका खड्ड्याच्या काठावरून गेला. डॉक्टरीणबाईंचा अलीकडे थांबला. उरले मी. माझा गेला तर आम्ही सव्वा फटक्यानं जिंकणार होतो. नाही गेला तर फरक पाव, म्हणजे बरोबरी, म्हणजे संपतराव घरी. नाना झेंड्याची काठी धरून उभे होते, डोळे मिटून.

मी मारला. चेंडू खड्ड्याभोवतीच्या, तेल घालून चोपलेल्या काळ्या वाळूवरून घरंगळत गेला आणि आत पडला.

संपतरावांनी तिथूनच बायकोला फोन लावला. "जिंकलो! व्हय, आमीच! घे, डॉक्टरीणबाईंशी बोल." पलीकडची बाई डॉक्टरीणबाईंना उलटतपासणी घ्यावी तसे प्रश्न विचारत होती.

पोह्यांसाठी नानांच्या अंगणात आल्यावर सरांनी हिशोब पुन्हा केला. "ही मुलगी बोलत नाही, त्याचा एक फटका दिलात. तो काढला तर उरतो पाव. म्हणजे आम्ही हिच्या गप्प राहण्यामुळे हरलो."

नानांनी पोह्यांची ताटली पुढे केली. सरांनी पोह्यांना नको म्हटलं. सगळ्यांच्या काठ्यांच्या पिशव्या आठवडाभर नानांच्या पडवीतच असतात. सरांनी आपली पिशवी उचलली आणि गाडीच्या डिकीत टाकली. दोन्ही सहकारी निमूट मागे बसले.

नाना पळत गेले. इतके जोरात की धोतराचा सोगा हातात धरावा लागला. ते गाडीच्या खिडकीशी वाकले. पोह्यांची ताटली घेऊन मी मागोमाग गेले होते.

"सर, फुडच्या रविवारी तुमाला अर्धा वाढवून देतो."

"नको."

"एक देतो."

सरांनी त्यांच्याकडे बघितलं. "नाना, पाडव्याला सख्खा जावई पाव मागत होता. त्याला नाही दिलात. मला एक? माझा खेळ एवढा बिघडलाय का?"

"खेळासाठी न्हाई देत," नाना म्हणाले. मग खिडकीची काच उगाचच हातानं पुसली. "आमची ही गेल्यापास्नं रविवार सोडला तर अंगणात कुनाची गाडी लागत न्हाई. निकाल लागला की हरलेला येत न्हाई परत, कुस्तीच्या मैदानात बघितलंय मी. म्हनून बरोबरी बरी वाटती."

सरांनी गाडी बंद केली.

"एक फार होतो," ते म्हणाले. "पाव द्या."

नाना विचारात पडले. त्यांची नजर सरांच्या खांद्यावरून मनगटावर गेली, तिथून चष्म्यावर.

"पाव बसत न्हाई, सर, तुमाला," शेवटी ते खाली बघत म्हणाले.

सर दार उघडून उतरले आणि त्यांनी डिकीतून पिशवी पुन्हा बाहेर काढली. "मग तसाच येतो," ते म्हणाले. पिशवी जड होती. तिचं दुसरं टोक नानांनी धरलं.